कारागिरांचा गुरू हेन्री मॉडस्ली

दहावीचा निकाल लागला म्हणजे ज्ञातीतील कितीतरी घरांतून एकच विचारणा होते. मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मशिनिस्टचे काम शिकावयास जावे काय, आणि त्यात त्याला मान राहील काय? या धंद्याची आजची घडी बसविण्यात ज्या इंग्रज कारागिराचा मोठा वाटा आहे, त्याचे चरित्र या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

हेन्री मॉडस्लीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडननजीक वुलिच येथे झाला. वडील मूळचे चाके घडविणारे सुतार. लष्करात जखमी झाल्यावर ते तेथील सरकारी शस्त्रागारात कोठारावर लागले. बाराव्या वर्षी हेन्री त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरू लागला. दोन वर्षांनी त्याला सुतारकामास लावले, पण त्याचे चित्त रंध्यावर नव्हते, भट्टीवर होते. पंधराव्या वर्षी तो लोहारकामात आला आणि कानस चालविण्यात लवकरच नावाजला.

कुलुपे बनविणारा जोसेफ ब्रामा हा त्या वेळी कुशल माणसांच्या शोधात होता. त्याने हेन्रीस बोलाविले खरे, परंतु अठरा वर्षांचा पोर पाहून तो कचरला. सात वर्षांची रीतसर उमेदवारी केल्याखेरीज कोणास कसबी म्हणावयाचे नाही, अशी कारागिरांची रूढी होती आणि हेन्रीपाशी तसा दाखला नव्हता. असे सांगतात, की तेथे एक झिजून निकामी झालेला शेगडा पडला होता. संध्याकाळपर्यंत हा दुरुस्त करून दिला तर मला घ्याल काय, असे हेन्रीनेच विचारले. त्याने जबड्यांना नवे पोलाद जोडले, कानशीने दाते पाडले, पाणी चढविले आणि वेळेच्या आधीच शेगडा पुढे ठेवला. मग जुन्या कामगारांचीही हरकत उरली नाही. दाखल्याची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. पण हाताची परीक्षा हाताच्या कामानेच व्हावी, हे त्या कारखान्याने ओळखले ही मोठी गोष्ट होय.

ब्रामाकडे त्याने जे कुलूप घडविले, ते किल्लीवाचून उघडून दाखविणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. ते १८५१ पर्यंत कोणास मिळाले नाही. हेन्री तेथे मुख्य कारागीर झाला, त्याचा विवाहही त्याच काळात झाला. संसार वाढला, तेव्हा आठवड्याच्या ३० शिलिंगांवर काही वाढ मिळावी अशी त्याने विनंती केली. ती नाकारली गेली आणि १७९७ मध्ये त्याने लंडनमध्येच स्वतःचे लहानसे दुकान मांडले. असला माणूस थोड्या शिलिंगांसाठी घालविणारा मालक आपणही पाहिलेला असतोच.

त्याचे थोर कार्य येथून पुढचे. तोवर लेथवर धातू कापताना हत्यार बहुधा हाताने दाबून धरीत; त्यामुळे काम हाताच्या स्थिरतेवर राही. मळसूत्राचे आटेही ज्याचे त्याचे निराळे पडत आणि एका बोल्टची चाकी दुसऱ्यास बसत नसे. सरकत्या बैठकीची कल्पना पूर्वीही कोणाकोणास सुचली होती. मॉडस्लीने १८०० च्या सुमारास ती बैठक, मार्गदर्शक मळसूत्र आणि बदलती दातेरी चाके एकाच भक्कम लोखंडी लेथवर एकत्र आणली. गिअर बदलून आटे पाडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास ही रचना ओळखीची वाटेल.

त्यानंतर मार्क ब्रुनेल याच्या योजनेनुसार पोर्ट्‌स्मथच्या आरमारी गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनविणारी सुमारे ४५ यंत्रे त्याने तयार केली. १८०८ साली त्यांवर सुमारे १,३०,००० कप्प्या निघाल्या. पूर्वी ११० कसबी माणसे जे काम करीत, ते दहा अकुशल माणसे करू लागली. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. आम्हांस तो वाचून उरलेल्या शंभर घरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ती यंत्रे घडविण्यास मात्र पूर्वीपेक्षा अधिक कसबी हात लागले, हेही तितकेच खरे.

१८१० मध्ये त्याने आपला कारखाना लॅम्बेथ येथे नेला. प्रत्येक कारागिराच्या बाकावर सपाटी पारखण्याची लोखंडी पाटी असे. मापाचा वाद झाला तर इंचाच्या सहस्रांशाहून सूक्ष्म मोजणारा, लॉर्ड चॅन्सेलर नावाने ओळखला जाणारा मायक्रोमीटर निवाडा करी. रिचर्ड रॉबर्ट्‌स, जोसेफ क्लेमेंट आणि १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचविणारा जोसेफ व्हिटवर्थ हे याच कारखान्यात काम करून पुढे गेले.

फी भरून येणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांचा मॉडस्लीस त्रासच झाला होता आणि असे उमेदवार घेणे त्याने बंद केले होते. १८२९ मध्ये एडिंबरोचा जेम्स नॅस्मिथ वडिलांसह आला, त्यालाही प्रथम हेच उत्तर मिळाले. मुलाने स्वतः घडविलेले वाफेचे लहान इंजिन व रेखाटने दाखविली, तेव्हा मात्र म्हाताऱ्याने त्यास फीशिवाय, उलट आठवड्याला दहा शिलिंग देऊन, आपला खासगी साहाय्यक नेमले.

१४ फेब्रुवारी १८३१ रोजी मॉडस्ली निवर्तला आणि वुलिच येथेच त्याचे दफन झाले. त्याच वर्षी नॅस्मिथ स्वतःचा उद्योग काढण्यास निघाला, तेव्हा मॉडस्लीचा भागीदार जोशुआ फील्ड याने कारखान्यातील एका उत्तम लेथचे ओतीव भाग त्याला घेऊ दिले. ते घेऊन नॅस्मिथ एडिंबरोस गेला आणि आपली पहिली यंत्रे त्याने त्यांतूनच उभी केली.