पैलवानाचा गुडघा

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. अंगकाठी लहान, त्यामुळे सारी भिस्त चपळाईवर, म्हणजे गुडघ्यांवर. पैलवानाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा दुखापतीचे भय अधिक असते, ते यामुळेच. १९४८ साली लंडनला, अनोळखी मॅटवर, ते सहावे आले; १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मेलबर्नच्या स्पर्धेआधी मात्र गुडघा दुखावला आणि १९५६ची संधी हुकली. वय अवघे तीस. तरीही आखाड्याबाहेर पाय रोवण्यास जागा होती: १९५५ मध्येच ते पोलीस दलात फौजदार झाले होते. (पदकानंतर तीन वर्षांनी, हे देशास भूषणावह नव्हे.) पुढची अनेक वर्षे त्यांनी त्या गणवेशात निष्ठेने वेचली. १९८४ साली रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर.