वायरलेस चार्जिंगमागची हललेली सुई: मायकेल फॅरडेंची गोष्ट

मध्यंतरी मी फोन रात्रभर वायरलेस चार्जरवर ठेवला आणि सकाळी बघतो तर बॅटरी होती तेवढीच! वाटलं, चार्जर गेला. नवा मागवणारच होतो, पण म्हटलं आधी एकेक गोष्ट बदलून बघू. अडॅप्टर बदलला, काही फरक नाही. कव्हर काढलं, तर लगेच चार्जिंग सुरू. गाडीतल्या होल्डरसाठी कव्हरला लावलेली लोखंडी पट्टी आड येत होती. कव्हर परत घातलं, चार्जिंग बंद. झाली खात्री.

गंमत म्हणजे, हा चार्जर ज्यांच्या शोधावर चालतो, त्यांनी तो शोध असाच, करून बघत लावला होता.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरची परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे काम शिकायला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा. विजेवरचा एक लेख वाचला आणि घरीच छोटं यंत्र बनवून तपासायला बसला. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने नोट्स काढल्या, स्वतः बांधल्या आणि डेव्हींना पाठवल्या. १८१३ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायकाची नोकरी मिळाली.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं, की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते. मग उलटं होईल का? चुंबकापासून वीज मिळेल का? फॅरडेंनी १८२५ मध्ये करून बघितलं. काहीच झालं नाही. त्यांनी तेही वहीत लिहून ठेवलं.

२९ ऑगस्ट १८३१. साधारण सहा इंची लोखंडी कडं, त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारांचे वेगवेगळे वेढे. एका वेढ्याला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेजवळ सुई. बॅटरी जोडली, सुई हलली आणि लगेच जागेवर आली. वीज तर चालूच होती! बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली.

इथे आपण असतो तर शोध लागला म्हणून मोकळे झालो असतो. पण एका प्रयोगावरून नियम कसा काढणार? फॅरडे पुढचे दोन महिने मांडणी बदलत राहिले. १७ ऑक्टोबरला त्यांनी वेढ्यात चुंबक सारला, तर सुई एका बाजूला गेली. बाहेर ओढला, तर दुसऱ्या बाजूला. स्थिर धरला, तर काहीच नाही. मग चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली, तर वीज सतत मिळाली. मांडण्या वेगळ्या, पण समान धागा एकच: चुंबकाचा प्रभाव बदलत असेल तरच वीज तयार होते. अनेक अनुभवांवरून एका नियमाकडे जाण्याच्या या वाटेला विगमन म्हणतात.

आता तुमच्या चार्जरकडे बघा. त्याच्या वेढ्यात वीज एकाच दिशेने, एकसारखी वाहिली, तर फोनला काहीच मिळणार नाही. म्हणून चार्जर तिची दिशा सेकंदाला लाखाहून जास्त वेळा बदलतो. ती हलून थांबलेली सुई हेच सांगत होती.

असा नियम मिळाला तरी फॅरडेंनी तपासणं सोडलं नाही. गुरुत्वाकर्षणातूनही वीज मिळत असेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. १८४९ मध्ये त्यांनी प्रयोग केले आणि हाती काही लागलं नाही. तरी त्यांनी ते अपयश जगापुढे मांडलं. आवडता अंदाज आणि सिद्ध झालेली गोष्ट त्यांनी एक होऊ दिली नाही. २५ ऑगस्ट १८६७ ला ते गेले. मागे राहिल्या प्रयोगांच्या १६ हजारांहून जास्त क्रमांक घातलेल्या नोंदी, फसलेल्या प्रयोगांसकट.

तेव्हा फोन रुसला, की लगेच दुकान गाठू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय झालं ते लिहा, आणि उत्तर सापडलं असं वाटलं की उलटं करूनही बघा. माझे तरी नव्या चार्जरचे पैसे वाचले.