कागदावर नको, मशिनवर दाखवा!

फायनल इयरचा प्रोजेक्ट. उद्या सबमिशन आणि आज नेमकं एका पॅकेजचं अपडेट येतं. काय बदललंय ते बघायला जावं, तर लिहिलेलं असतं फक्त ‘किरकोळ सुधारणा’. आपण बिनधास्त अपडेट मारतो आणि काल धावणारा कोड आज आडवा! आता दोष कुणाचा, आपला की पॅकेजचा? दोस्तांनो, हा वैताग नवा नाही. त्यावरचा उपाय अमेरिकन नौदलातल्या एका बाईंनी जवळपास साठ वर्षांपूर्वीच राबवला होता. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म. सात वर्षांची असताना घड्याळ कसं चालतं ते कळावं म्हणून या पोरीने घरातली गजराची घड्याळं एकामागोमाग एक खोलून ठेवली. पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी आणि व्हासार कॉलेजात प्राध्यापकी. सगळं छान चाललं होतं, पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन नियमापेक्षा कमी. तरी खास सवलत मिळवून त्या भरती झाल्याच.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डमध्ये, मार्क-१ या ५१ फूट लांबीच्या अवाढव्य गणकयंत्रावर. या यंत्राचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल त्यांनीच लिहून काढलं. यंत्राबद्दल नीट लिहिलेलं नसेल तर वापरणाऱ्याचे काय हाल होतात, हे त्यांना तिथेच पुरतं कळलं असणार.

१९५२ मध्ये त्यांनी ए-० हा कंपायलर तयार केला. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसला बनवणार, असं म्हणत सुरुवातीला कुणी त्याला हातही लावेना. बाई मागे हटल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत हुकूम देता येतील अशी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या टीमने बनवली आणि तिच्याच पायावर १९५९ मध्ये कोबोलचं काम सुरू झालं.

खरी गंमत पुढे आहे. १९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कारण काय, तर कोबोलचा गोंधळ! भाषा एकच, पण प्रत्येक कंपनीचा कंपायलर आपापल्या चालीने चालणारा. एका मशिनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडायचा आणि पुन्हा लिहायचा म्हणजे वेळ, पैसा दोन्ही पाण्यात. आमचा कंपायलर नियमाप्रमाणेच आहे, असं कागदावर लिहायला कुणाचं काय जातं?

मग हॉपरबाईंच्या गटाने कागद बाजूला ठेवून चाचण्याच लिहिल्या. एका वेळी भाषेचा एकच भाग तपासणारे, उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रोग्राम. कंपायलरवर ते चालवायचे. उत्तर जुळलं तर पास, नाही तर नेमकं कुठे बिनसलंय ते समोर! पुढे अमेरिकन सरकारने कंपायलर तपासायला हीच वाट धरली. सहा महिन्यांची नेमणूक लांबतच गेली. १९८६ मध्ये बाई निवृत्त झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या आणि रिअर अॅडमिरल झाल्या होत्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

आता तुमच्या प्रोजेक्टकडे या. बदलांची नोंद धूसर असेल तर अंदाज बांधत बसू नका. आपण पॅकेजची जी फंक्शन्स खरोखर वापरतो, त्या प्रत्येकासाठी एक छोटी चाचणी लिहा. आधी जुन्या व्हर्जनवर चालवून उत्तरं टिपून ठेवा. मग प्रोजेक्टची वेगळी कॉपी काढून तिच्यात अपडेट करा आणि त्याच चाचण्या पुन्हा चालवा. एका वेळी एकच पॅकेज बदला, म्हणजे चोर लगेच सापडतो. उत्तर बदललं तर जुनं व्हर्जन तसंच लॉक करून ठेवा आणि निवांत शोध घ्या.

हॉपरबाईंच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं. नेहमीची रीत हीच एकमेव रीत नसते, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. अपडेट आलं की डोळे मिटून बटण दाबायची आपलीही एक रीतच झालीय. पुढच्या सबमिशनच्या आधी ती मोडून बघा!