सर नॉर्मन लॉकियर आणि सूर्याची तांबडी रेषा

मे महिन्याच्या सुट्टीत भोपाळची काही मराठी कुटुंबे कोकणात जातात आणि विजयदुर्ग पाहून येतात. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने प्रसिद्ध असलेले चौथरे दाखवून तेथे सांगण्यात येते की, १८६८ साली लॉकियर साहेबांनी येथूनच हेलियमचा शोध लावला. आम्ही स्वतः कोकणी बोलणारे. साहजिकच ही कथा आम्हालाही प्रिय आहे. परंतु लॉकियर यांचे चरित्र वाचू लागले म्हणजे ती तारखांशी जुळत नाही असे दिसून येते. जे खरोखर घडले ते मात्र कथेहून तिळमात्र कमी रंजक नाही.

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडातील रग्बी या गावी झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. १८५७ साली ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून झाले. दिवसा कचेरी आणि उरल्या वेळात आकाशनिरीक्षण असा त्यांचा क्रम होता. टॉमस कुक या नामांकित कारागिराने घडविलेली सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण त्यांनी मिळविली आणि हळूहळू त्यांचे सारे लक्ष सूर्यावर खिळले.

त्या काळी एक कोडे होते. खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला गेला की त्याच्या कडेला तांबूस ज्वाला दिसत. पण हे दर्शन काही मिनिटांचे! सूर्य उघडा पडला की आकाशाच्या लखलखाटात त्या ज्वाला लोपून जात. त्या रोज पाहता याव्यात यासाठी काय करावे? दुर्बीण मोठी घ्यावी, असे कोणीही म्हणेल. परंतु मोठ्या दुर्बिणीत ज्वालांबरोबर आकाशाचा उजेडही अधिक येतो. अडचण जशीच्या तशी राहते.

१८६६ साली लॉकियर यांनी दुर्बिणीला एक लहान वर्णपटदर्शक जोडून सूर्यावरील डागाचा वर्णपट तपासला. त्याच वेळी त्यांच्या मनात आले की, ज्वाला तप्त वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्याच रंगरेषांत एकवटलेला असणार. आकाशाचा उजेड मात्र सर्व रंगांचा असतो. लोलकांनी तो जितका अधिक पसरावा तितका तो फिका पडतो. ज्वालेची एकच तांबडी रेषा पसरत नाही, म्हणून ती उठून दिसते. तेव्हा निवड करावयाची ती काचेच्या व्यासाची नव्हे, रंग वेगळे करण्याच्या शक्तीची, हे त्यांनी ओळखले.

रॉयल सोसायटीच्या शिफारशीने पैसे मिळाले, यंत्राची मागणीही गेली. परंतु यंत्र काही येईना! कारागिराकडे टाकलेली वस्तू वेळेवर न मिळणे हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. दीड वर्षाहून अधिक काळ असा गेला. तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनी ते आंध्रातील गुंटूर येथून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्याच रेषा सूर्याच्या कडेला पुन्हा पाहिल्या. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होते. ब्राउनिंग यांनी तयार केलेले सात लोलकांचे यंत्र त्यांच्या हाती १६ ऑक्टोबरला आले आणि २० ऑक्टोबरला ज्वालेच्या रेषा दिसल्या. दोघांचीही वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच सभेत पोहोचली. अकादमीने श्रेय दोघांना दिले. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक पाडले. अवघ्या काही आठवड्यांनी मागे पडलेल्या लॉकियर यांना हा निवाडा मोलाचा वाटला असेल.

ती तांबडी रेषा हायड्रोजनची. आज तिला हायड्रोजन-आल्फा म्हणतात. तिची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर आहे. आजच्या सौरदुर्बिणीत लोलकांऐवजी, अत्यंत सपाट अशा दोन काचा अगदी जवळ ठेवून केलेला गाळक असतो; तो एका आंगस्ट्रॉमहूनही अरुंद पट्टा आत सोडतो. चाळीस ते साठ मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण महाग का, असे मुले आम्हाला विचारतात, त्याचे उत्तर हेच. पट्टा ०.७ आंगस्ट्रॉम असला तर कडेच्या ज्वाला सुरेख दिसतात, ०.५ असला तर बिंबावरील तपशील अधिक उठतो, पण दृश्य काहीसे अंधुक होते. निवडताना व्यासाआधी हा आकडा पाहावा. निरीक्षण सकाळी, जमीन तापण्यापूर्वी करावे. भोपाळच्या उन्हाळ्यात तर हे फारच अगत्याचे. गाळक नसलेली दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. क्षणात दृष्टी जाते.

त्याच वर्षी लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमच्या रेषांजवळ असूनही त्यांच्याशी जुळेना. ती अज्ञात मूलद्रव्याची आहे असे त्यांनी मानले, तेच हेलियम. अनेकांनी शंका घेतली. १८९५ साली रॅमसे यांना तो वायू पृथ्वीवरील एका खनिजात सापडला, तेव्हा वाद मिटला. मधल्या काळात, १८६९ साली, लॉकियर यांनी ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू करून पन्नास वर्षे संपादिले.

ते हिंदुस्थानात ग्रहणासाठी आले ते आधी १८७१ साली, केरळातील बेकल येथे. आणि मग २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी विजयदुर्गास. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेच्या खलाशांना त्यांनी यंत्रे चालविण्यास शिकविले. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रे लावून उभे होते. विजयदुर्गाच्या चौथऱ्यांचा संबंध लावावयाचा तर तो या मोहिमेशी. हेलियम तोवर प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षे होत आली होती.

१६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर निवर्तले. सात लोलकांचे ते यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जतन केले आहे.