कर्करोगाविरुद्ध शरीराचीच शक्ती : डॉ. विल्यम कोली यांची जीवनकथा

बंगळूरुनजीक बोम्मसंद्रा येथील नारायणा हेल्थ सिटीत रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी उपचार केले जातात. रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाशी लढण्यासाठी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. शरीराची प्रतिकारशक्तीच या रोगावर वळविण्याचा विचार मात्र शतकाहून जुना आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम कोली हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात.

कोली यांचा जन्म १८६२ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. १८८८ मध्ये त्यांनी हार्वर्ड येथून वैद्यकीय पदवी घेतली. १८९० मध्ये त्यांच्याकडे आलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या हाताला कर्करोग झाला होता. हात कापूनही ती काही महिन्यांतच दगावली. व्यथित झालेल्या कोली यांनी रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. मानेवर पुनःपुन्हा गाठ वाढणाऱ्या एका रुग्णाला त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग होऊन ताप आला आणि त्यानंतर गाठ नाहीशी झाली, असे त्यांना आढळले. कोली यांनी गरीब वस्त्यांत फिरून त्याला शोधून काढले. सात वर्षांनंतरही तो निरोगी होता.

१८९१ मध्ये कोली यांनी एका रुग्णाला जिवंत जंतू टोचले. त्याची गाठ विरली. परंतु पुढील प्रयोगांत काही रुग्ण संसर्गानेच दगावले. त्यामुळे १८९३ पासून ते मृत जंतूंचे मिश्रण वापरू लागले. काही रुग्ण बरे झाले, अनेकांना गुण आला नाही. त्यामागील कारण कोली सांगू शकत नव्हते आणि मिश्रणाची तीव्रताही एकसारखी नसे. त्यांच्याच रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग किरणोपचारांचे पुरस्कर्ते होते. त्यांनी या पद्धतीला विरोध केला. १९३६ मध्ये कोली यांचे निधन झाले आणि त्यांची पद्धत मागे पडली.

त्यांच्या कन्या हेलन यांनी वडिलांच्या रुग्णांच्या नोंदी संकलित केल्या आणि १९५३ मध्ये कर्करोग प्रतिकारशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. अर्बुदातील पेशी टी पेशींना रोखणारे संकेत देऊन त्यांच्यापासून बचाव करतात, हे पुढे स्पष्ट झाले. हा अडथळा दूर करण्याच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोली यांचे मिश्रण आज प्रचलित नाही. मात्र क्षयरोगासाठी परिचित असलेली बीसीजी लस मूत्राशयाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगावर दिली जाते. जंतूंमुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती गाठीवरही हल्ला करू शकते, हे कोली यांचे निरीक्षण त्यातून खरे ठरले आहे.