बद्रुद्दीन तय्यबजी

बद्रुद्दीन तय्यबजी (१० ऑक्टोबर १८४४ – ऑगस्ट १९०६) हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर, त्याच न्यायालयाचे न्यायाधीश आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष होते. त्यांच्या जडणघडणीत थोरले बंधू कमरुद्दीन यांचा मोठा वाटा होता. कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून मान्यता मिळवणारे पहिले भारतीय होत.

प्रारंभिक जीवन

बद्रुद्दीन यांचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षणाकडे मुस्लिम समाज साशंकतेने पाहत असतानाही त्यांच्या वडिलांनी मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकल्यानंतर बद्रुद्दीन १८६० मध्ये इंग्लंडला गेले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी मिडल टेंपल या संस्थेत प्रवेश घेतला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना १८६४ मध्ये परतावे लागले. परंतु पुढील वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले व एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर

त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’ या शाखेत, म्हणजे मुंबई शहरातील मोठे दावे जेथे प्रथम दाखल होत तेथे, वकिलीचे काम इंग्लंडप्रमाणे दोघांत विभागलेले होते. पक्षकार प्रथम सॉलिसिटरकडे जाई. त्याचे म्हणणे ऐकणे, त्यास सल्ला देणे, दस्तऐवज तयार करणे, कागदपत्रे व साक्षीपुरावा जमवणे आणि प्रकरणाची टिपणे, म्हणजेच ‘ब्रीफ’, तयार करणे हे सॉलिसिटरचे काम असे. न्यायाधीशांपुढे युक्तिवाद मात्र बॅरिस्टर करीत असे. बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम स्वीकारता येत नसे. त्यामुळे विद्वत्ता कितीही असली, तरी सॉलिसिटरने ब्रीफ दिल्याशिवाय बॅरिस्टरला न्यायालयात उभे राहण्याची संधी मिळत नसे.

डिसेंबर १८६७ मध्ये बद्रुद्दीन यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा हा व्यवसाय प्रामुख्याने युरोपीयांच्या हाती होता. नवख्या भारतीय बॅरिस्टरवर युरोपीय कार्यालये सहज विश्वास टाकण्याची शक्यता कमी होती. अशा वेळी घरातच एक सॉलिसिटर असणे बद्रुद्दीन यांच्या दृष्टीने मोलाचे ठरले. पुढे चिकाटी, साक्षीपुराव्याची बारकाईने छाननी करण्याची हातोटी आणि समतोल युक्तिवाद यांच्या बळावर ते मुंबईतील आघाडीच्या वकिलांत गणले जाऊ लागले.

सार्वजनिक कार्य

१८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत दोन्ही बंधूंचा पुढाकार होता. बद्रुद्दीन यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला, पडदापद्धतीस विरोध केला आणि आपल्या मुलींनाही शिक्षण दिले. ते मुंबई महानगरपालिकेचे व प्रांतिक कायदेमंडळाचे सदस्य होते. फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी १८८५ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली.

१८८७ मध्ये मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले मुस्लिम नेते होत. सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसला विरोध केला असता बद्रुद्दीन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून मतभेद मिटवण्याचा प्रयत्न केला; त्यास यश आले नाही. एखाद्या समाजाच्या प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असलेला विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नये, हे तत्त्व १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात स्वीकारले गेले. त्यामागे त्यांचाच आग्रह होता.

न्यायाधीशपद

१८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या पदावर नेमले गेलेले ते पहिले मुस्लिम होत. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झालेल्या लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारण्यात आला होता. खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला गेल्यानंतर टिळकांच्या वतीने दिनशा दावर यांनी बद्रुद्दीन यांच्यापुढे नव्याने अर्ज केला. आरोपीस बचावाची तयारी करता यावी आणि खटल्याच्या वेळी तो हजर राहावा, या दोन बाबींना महत्त्व देऊन त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारच्या रोषाचा विषय असलेल्या आरोपीलाही कायद्याचे संरक्षण मिळते, हे या आदेशाने दाखवून दिले. १९०८ च्या खटल्यात मात्र न्यायाधीश झालेल्या दावर यांनीच टिळकांचा जामीन अर्ज फेटाळला.

१९०२ मध्ये बद्रुद्दीन यांनी काही काळ प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. मुंबईत हे पद सांभाळणारे ते पहिले भारतीय होते.

मृत्यू आणि वारसा

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. ज्या द्विस्तरीय पद्धतीत त्यांनी वकिलीचा आरंभ केला, ती मुंबईत पुढे अनेक दशके टिकून राहिली. अ‍ॅडव्होकेट्स कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने तिची सक्ती संपुष्टात आली. मुंबईत सॉलिसिटरची वेगळी परीक्षा व सॉलिसिटर कार्यालयांची परंपरा मात्र त्यानंतरही चालू राहिली.