आधी सुई स्वतःला टोचली, मग मुंबईला : परळच्या ‘हाफकिन’मागचा माणूस

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट सगळ्यांना ऐकून माहीत असते. कोरोनात तर हे नाव रोज बातम्यांत होतं. पण हा हाफकिन कोण, असं विचारलं तर भलेभले गप्प होतात.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. घर ज्यू. हुशारी असूनही ज्यू असल्यामुळे तिथे प्राध्यापकी मिळणं अवघड. म्हणून ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे कॉलराची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःलाच.

पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले. लस हाताशी होती, घेणारे नव्हते. गोरा डॉक्टर सुई घेऊन वस्तीत शिरला की लोकांनी काय समजायचं? एका वस्तीत दगड आले, तेव्हा हाफकिन यांनी सगळ्यांसमोर सदरा वर करून सहकाऱ्याकडून लस टोचून घेतली, असं सांगितलं जातं. सोबत बंगाली डॉक्टर होते, लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारे. १८९४ मध्ये काट्टल बागान या वस्तीतल्या सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे कॉलरा झाला तो न घेतलेल्यांनाच. शेजारच्या घरातलं दिसलं की माणसाला पटतं.

मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीनेक महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतःला दहा सीसी टोचून घेतली, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या तिपटीहून जास्त. ताप आला, दुखलं, पण काम चालू राहिलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

बाहेर मात्र हवा वेगळीच होती. प्लेगच्या नावाखाली घरात घुसून झडत्या, माणसं उचलून छावणीत नेणं हे सगळं चालू होतं. पुण्यात रँडचं काय झालं ते आपण शाळेत वाचलंय. अशा सरकारची सुई लोकांनी विश्वासाने घ्यावी कशी? या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

इथे एक एकोणीस-वीस वर्षांचा तरुण पुढे आला. तिसरे आगाखान, इस्माइली खोजा मुसलमानांचे इमाम. समाज छोटा, इमामांवर श्रद्धा मोठी. त्यांनी सगळ्यांदेखत लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा. प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. मुंबईतल्या हजारो खोजांनी लस घेतली. सरकारी फतव्याने हे कधी झालं नसतं.

बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना लस दिली. ७१ लसवंतांपैकी तिघे दगावले, ६४ बिनलसवाल्यांपैकी २६.

मग १९०२ मध्ये घात झाला. पंजाबातल्या मलकोवालला एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिनवर आला, त्यांना कामावरून बाजूला केलं गेलं. बाटली गावात उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियावाले रोनाल्ड रॉस यांच्यासह बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली, तरी दोषमुक्ती मिळायला १९०७ उजाडलं. तोवर प्लेगने लाखो माणसं नेली होती आणि लसीवरचा भरवसाही डळमळला होता.

हाफकिन भारतात परतले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेत नाही, कलकत्त्यात. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते वारले. लग्न केलं नव्हतं. मागे ठेवलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांना दिला.